एकवीस तोळे बटाटे

"वहिनी, झोपलात का?"

कुंपणाच्या भिंतीवर वाटी टेकवल्याचा आवाज आला, तेव्हा मी जागीच होते. सकाळी झेंडावंदन झालं, त्यानंतर क्लबहाउससमोर सोसायटीतल्या सत्तावीस पोत्यांमधल्या बटाट्यांची जाहीर वजनं झाली. त्यात माझी जी शोभा झाली, तिच्यानंतर दुपारी कुणाला झोप लागते?

आमची भिंत कमरेएवढी. तिच्या कडेला, माझ्या बाजूला, एक जास्वंद आहे. तीन वर्षं झाली, रडतेय. पलीकडे ताई. त्यांचं माहेर आंबेगाव तालुक्यातलं कुरवंडी, म्हणजे सातगाव पठारावरचं. लग्न होऊन तळेगावात आल्याला चाळीस वर्षं झाली, तरी जून लागला की त्या अंगणात उभ्या राहून उत्तरेकडचे ढग बघतात. पठारावर पाऊस झाला की बटाट्याची लागण, ही घड्याळं त्यांच्या अंगातून गेलेली नाहीत.

"वाटीत काय आणलंत?" मी विचारलं.

"बटाट्याचा कीस. तुमच्या पोत्यातून एवढाही निघायचा न्हाई, म्हटलं आपणच द्यावा."

घ्या! शेजारधर्म असा.

आता ही सगळी पीडा सोसायटीत मीच आणली, हे मला मान्य आहे. लेकीच्या बाळंतपणासाठी मी इंग्लंडला गेले होते. लोक आईवडिलांना उन्हाळ्यात बोलावतात, आमच्या नातवाने फेब्रुवारी निवडला. महिनाभर घरात कोंडून राहिल्यावर एका शनिवारी लेक म्हणाली, "चल आई, इथे बटाटा डे आहे." मला वाटलं, वडे-बिडे असतील.

गावातला साधा हॉल. लांबलचक टेबलं, त्यांवर लाकडी खोकी, प्रत्येक खोक्यात बटाटे आणि वर नावाची पाटी. म्हातारेकोतारे हातात कागदी पिशवी घेऊन फिरतायत, एक बटाटा उचलतायत, डोळे तपासतायत, पुन्हा ठेवतायत. वधूपरीक्षाच म्हणा ना. आणि बटाटा मोजून विकत! नगावर! मी ताईंना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

"एक बटाटा इकत घ्यायचा? आमच्याकडं पन्नास किलोचा कट्टा असतो बेण्याचा. आन त्याला पाटी?"

पाटी तर पाटी, नावंही अशी की ऐकत राहावं. किंग एडवर्ड म्हणून एक आहे, तो १९०२ साली राजाच्या राज्याभिषेकाच्या वर्षी बाजारात आला म्हणून ते नाव. मॅरिस पायपर, ज्याच्या त्यांच्या त्या माशाबरोबरच्या फोडी होतात. पिंक फर ॲपल म्हणजे तर आंबेहळदीचं हळकुंड वाटावं, गुलाबी आणि गाठीगाठीचं. सोलायचा कसा ते त्या देवालाच ठाऊक. आणि सार्पो मिरा. त्या टेबलामागचे आजोबा मला म्हणाले, हंगेरीतल्या एका घराण्याने पिढीभर खपून ही जात घडवली, हिला करपा सहसा लागत नाही. मी फार भक्तिभावाने मान हलवली. करपा काय चीज आहे, हे मला ताईंकडून आधीच कळलेलं. ऑगस्टात चार दिवस झड लागली, धुकं उतरलं की आख्खं शेत उकडल्यासारखं होतं आणि त्याचा वास बांधावरून येतो, असं त्या सांगतात.

तोच करपा १८४५ मध्ये आयर्लंडात शिरला. लोक बटाट्यावरच जगत होते, दहा लाखांच्या आसपास माणसं भुकेने आणि रोगराईने गेली, तितकीच देश सोडून गेली. आणि आता गंमत ऐका. हे बटाटा डे चालू करण्यात पुढाकार होता तो सेंद्रिय बागवाल्यांच्या एका संस्थेचा, १९९०च्या दशकात, कॉव्हेंट्रीजवळच्या रायटन गावी. तिचं तेव्हाचं नाव हेन्री डबलडे रिसर्च असोसिएशन. हा हेन्री डबलडे कोण? एकोणिसाव्या शतकातला, एसेक्समधला एक भाविक गृहस्थ. आयर्लंडातला दुष्काळ पाहून त्याने बटाट्याला पर्याय शोधायला घेतला, आणि कॉम्फ्री नावाच्या एका केसाळ पानाच्या झुडपावर उरलेली हयात घालवली. म्हणजे ज्याने बटाटा हटवायचा म्हणून जन्म काढला, त्याच्याच नावाच्या संस्थेने बटाट्याची जत्रा भरवली!

"मंग त्या झाडाचं काय झालं?" ताईंनी तेव्हा विचारलं होतं.

"ते झालं खत. पानं पाण्यात कुजवतात आणि तेच पाणी बटाट्याला घालतात."

"वास?"

"आपल्या जीवामृताची सख्खी बहीण."

लेकीने चार जातींचे बारा बटाटे घेतले. घरी येऊन अंड्याच्या रिकाम्या खोक्यात, जास्त डोळ्यांची बाजू वर करून, खिडकीत मांडून ठेवले. पाच-सहा आठवडे तसेच. थंडी संपून जमिनीचं दव-बर्फ ओसरेपर्यंत बटाट्याने कोंब काढून तयार राहायचं. मी रोज सकाळी नातवाला पाजून झालं की त्या बारा जणांना बघायची. जांभळट, ठेंगणे, जाड कोंब येत होते. आपल्याकडे टोपलीत विसरलेल्या बटाट्याला येतात तसले पांढरे लांबलचक नव्हेत. उजेडात ठेवलं की असे ठेंगणे येतात, अंधारात ठेवलं की बापुडवाणे. एवढं साधं, पण बासष्ट वर्षं बटाटे सोलूनही मला ठाऊक नव्हतं.

येताना मी दोन पिंक फर ॲपल मोज्यात घालून बॅगेत सारले होते. लेकीने पकडलं. असं काही बोलली की विचारू नका. परदेशातलं बेणं आणायचं तर परवाना लागतो, रोगमुक्त असल्याचं प्रमाणपत्र लागतं, नाहीतर आपण भाजी नाही, रोग घेऊन उतरतो. मी तोंड फुगवलं. पण नंतर सोसायटीत बटाट्याचा अभ्यासवर्ग झाला, त्याच्या बाईंनीही तेच सांगितलं. निलगिरीत १९६१ साली बटाट्याच्या मुळांवरची सूत्रकृमी सापडली, ती बाहेरून आलेल्या बेण्यातून आली असावी असं मानतात, आणि तिथलं बेणं दुसरीकडे न्यायला मनाई झाली. दोन मोज्यांत किती राज्यं बुडाली असती कोण जाणे.

बटाटे नाही आणता आले, पण त्या हॉलच्या भिंतीवर एक कागद लावला होता, तो मात्र डोक्यात बसून आला. बादलीतला बटाटा. प्रत्येकाला एकच बेणं, एकाच मापाची बादली, आणि ठरल्या दिवशी सगळ्यांनी बादल्या उलट्या करायच्या. ज्याचं वजन जास्त, तो जिंकला. मी सोसायटीच्या बैठकीत हे सांगितलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुण्याच्या मंडईत जुनी माणसं अजून ‘तळेगाव’ म्हणून बटाटा मागतात, आणि आमच्या या तळेगावातल्या साठ घरांत बटाट्याचं झाड पाहिलेली माणसं निघाली चार!

सेक्रेटरींना फार उत्साह. त्यांनी कुठेतरी वाचलं की ३० मे हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला आंतरराष्ट्रीय बटाटा दिन आहे, २०२४ पासून पाळतात. तर त्याच मुहूर्तावर लागण करू म्हणाले. ताई मागच्या खुर्चीवरून उठल्या.

"सायेब, ते पेरूवाल्यांना इचारून ठरिवलं आसंल. हितं मे महिन्यात बेणं मातीत घातलं तर तिसऱ्या दिवशी भाजी तयार, फक्त फोडणी घालायची."

हॉल हसला, सेक्रेटरी लाल झाले. पण म्हणणं खरं होतं. रात्री थंड असल्याशिवाय बटाटा धरत नाही. वीस अंशांच्या वर रात्र गेली की झाड नुसतं वाढतं. पठारावर पावसाळ्यातच हवा गार म्हणून तिथे खरीप, खाली आपल्याकडे रब्बी. दिवाळी पाडव्याला लागण आणि २६ जानेवारीला वजन, असं ठरलं.

त्याआधी दोन रविवार अभ्यासवर्ग झाला, सेंद्रिय बटाटा आणि गच्चीवरची बाग. शिकवायला आलेल्या बाई हुशार, साडीला माती लागलेली, नखं कापलेली. असल्या माणसावर माझा पटकन विश्वास बसतो. त्यांनी कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराचं सांगितलं, दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचं भागतं हा त्यांचा हिशेब. आमचे हे माझ्या कानात म्हणाले, "आपल्याकडे दहा फरश्या आहेत." मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर जी बाग उभी केली तिचे फोटो दाखवले. ते पाहून मात्र हे गप्प बसले.

मग जीवामृत. सुभाष पाळेकरांच्या पद्धतीचं, एकराचं माप बाईंनी बादलीवर आणलं होतं: दहा लिटर पाण्याला अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन, मूठभर बांधावरची माती. बेसन म्हटल्यावर चार बायकांनी वहीतून डोकं वर काढलं. ताई हळूच म्हणाल्या, "मिरची राहिली." पुढचे दोन दिवस सोसायटीत शेण कुठून आणायचं यावर व्हॉट्सॲपवर बावन्न मेसेज पडले. शेवटी दूधवाल्या भय्याने आणून दिलं आणि किलोला पेढ्यासारखा भाव लावला.

खरी मजा आली ती बेण्यावरून. बाई म्हणाल्या, सेंद्रिय शेतीत बेणं घरचंच असावं, बाजारावर अवलंबून राहू नये. ताई पुन्हा उठल्या. मला वाटलं, आता परत फोडणी. पण या वेळी त्या गंभीर होत्या.

"बाकी समदं पटलं, बाई. पण बटाट्याचं घरचं बेणं दोन वर्सांत पडतं. माझा भाऊ दरसाल मंचरात पंजाबचं बेणं घेतो, ते काय हौस म्हणून? घरचं ठेवलं तर पानं वळतात, बटाटा सुपारीएवढा."

बाईंनी मान्य केलं, हे मला फार आवडलं. त्या म्हणाल्या, मावा विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो, तो बेण्यात उतरतो, आणि दर पिढीला वाढत जातो. पंजाबच्या बाजूला ऐन थंडीत मावा कमी असतो. त्या मुदतीत बेण्याचं पीक घ्यायचं आणि मावा वाढायच्या आत पाला कापून टाकायचा, अशी रीत सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने घालून दिली. म्हणून सगळ्या महाराष्ट्राला बेणं तिकडचं. बाईंनी स्वतःच्या वहीत काहीतरी खोडलं आणि नवं लिहिलं. शिकवणारा माणूस सगळ्यांसमोर आपलं खोडतो, असं हल्ली कुठे बघायला मिळतं?

तर बेणं आलं ताईंच्या भावाकडून. कुफरी पुखराज, कोंबडीच्या अंड्यापेक्षा थोडं लहान, सगळी एका मापाची. ही कुफरी म्हणजे सिमल्याजवळचं गाव, तिथे संकर होतो म्हणून त्या संस्थेच्या सगळ्या जातींचं आडनाव कुफरी. एका जातीचं नाव तर चक्क ‘कुफरी लवकर’ आहे, आपल्या पठारी मुलखासाठी काढलेली. हे म्हणाले, "आपल्या प्लंबरचं नाव ‘कुफरी उशिरा’ ठेवू."

पाडव्याला बादल्यांऐवजी तांदळाच्या पोत्यांत लागण झाली. पोत्याच्या कडा दुमडून फक्त तळाला वीतभर माती-कंपोस्ट, त्यात बेणं, वर चार बोटं माती. मग झाड वीतभर आलं की कडा उलगडायची आणि भर द्यायची. बाईंनी समजावलं होतं की बटाटा हे मूळ नव्हे, खोड आहे. मातीत गाडल्या गेलेल्या दांड्यातून तंतू निघतात आणि त्यांच्या टोकाला बटाटा फुगतो. उघडा पडला तर ऊन लागून हिरवा होतो, मग खायचा नाही. म्हणजे सगळी कमाई भरीची. पाच नंबरच्या सूनबाईंनी फोनवर गजर लावून तीन वेळा भर दिली. हिंजवडीहून रात्री नऊला येऊन, चपला न काढता. आज पहिल्या त्याच आल्या, एक किलो तीनशे चाळीस ग्रॅम. न्याय झाला.

"पण ताई," मी वाटीतला कीस चाखत म्हटलं, "कोपऱ्यावरच्या साहेबांचं काय ते? मला नीट दिसलं नाही, मी मागे होते."

ताई एवढ्यासाठीच आल्या होत्या. त्यांनी दोन्ही कोपरं भिंतीवर टेकली.

"आवो, पोतं उलटं केलं तर दीड किलोच्या वर माल. टाळ्या! मी खाली वाकले, एक बटाटा घेतला आन अंगठा फिरवला. नव्या काढलेल्या बटाट्याची साल कोवळी असती, अंगठ्यानं सुटती. पाला धा दिवस आधी कापून पाणी तोडलं तरच साल पक्की होती, आन ते हितं मी सोडून कुणी केलं न्हाई. त्यांचे बारके बारके सुटत होते, आन पाच मोठे? घासून घासून माझा अंगठा दुखला. कोल्डस्टोरेजचा माल, वहिनी! डोळ्यांत माती न्हाई, देठाचा तंतू न्हाई. आधल्या रातीला पुरलेले."

"मग तुम्ही बोलला नाहीत?"

"नातू शेजारी उभा होता त्यांचा. त्याच्या तोंडाकडं बघून म्हटलं, सायेब, ह्यातले पाच आधीपासूनच मोठे होते वाटतं. त्यांनीच मग गुपचूप बाजूला काढले."

हे ताईंचं मला जमणार नाही. मी असते तर माइक मागितला असता.

साहेबांवरून विषय पुढे सरकला तो बँकवाल्या काकांवर, कारण ते डिसेंबरात रात्री टॉर्च घेऊन पोत्याशी दिसायचे. ताई म्हणाल्या, गोगलगायी वेचायचे बिचारे. मग आठ नंबरच्या मॅडम, ज्यांनी जीवामृतात गुळाऐवजी शुगर-फ्री घातलं. हे खरं की खोटं, मला सांगता येणार नाही, पण सोसायटीत सगळ्यांनी मानलं आहे. मग बटाटा उपासाला कसा चालतो यावर आम्ही थोडं घसरलो. पोर्तुगीजांच्या गलबतातून आलेला, नावसुद्धा त्यांचंच लावणारा हा परदेशी पाहुणा एकादशीच्या पानात जाऊन बसला, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून इथे असलेला कांदा बाहेर. "रूप पाहून घेतलं असंल," ताई म्हणाल्या.

पण माझं मन काही तिथे नव्हतं.

माझं झाड, सांगते, सगळ्या सोसायटीत उठून दिसायचं. कमरेएवढं. पानं अशी की रुमाल. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात लोक येऊन फोटो काढून गेले. मी जीवामृताचं माप, गुळाचा ब्रँड, सगळं सांगत बसायची. अभ्यासवर्गाच्या बाईंनाही फोटो पाठवला होता. त्यांनी फक्त अंगठा टाकला, एरवी त्या लांबलचक लिहितात. तेव्हाच समजायला हवं होतं. आणि आज पोतं उलटं केलं तर अकरा गोट्या. दोनशे दहा ग्रॅम. हे मोठ्याने म्हणाले, "सराफाच्या हिशेबाने एकवीस तोळे!" आणि सगळी सोसायटी हसली.

"खरं सांगू का, ताई? राग मानू नका. मला दिलेलं बेणंच खराब होतं."

ताईंनी कोपरं भिंतीवरून काढली.

"बेण्याला नाव ठेवायचं न्हाई, वहिनी. सत्तावीस बेणी एका कट्ट्यातली. सव्वीसांना धरलं."

"मग माझ्यालाच काय झालं?"

"पाल्याचा रंग कसा होता?"

"हिरवा. काळपट हिरवा. तुम्हीच म्हणालात ना, नजर लागेल."

"काळपट हिरवा पाला, कमरेएवढा, आन खाली गोट्या. आमच्याकडं शेंबडं पोर सांगंल. झाडाला वर खायला एवढं दिलं की ते खाली कशाला साठवील? युरिया."

"काहीतरीच काय! माझ्या पोत्याला युरिया? मी घरात साधी फिनाइलची बाटली आणत नाही!"

ताई काही बोलल्या नाहीत. भिंतीवरची कीसाची सांडलेली शितं बोटाने गोळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता सोपर्दा झालीच म्हणून सांगते. मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी तुम्ही हळदीकुंकवाला गेला होता. भाऊजी आले भिंतीपाशी. म्हणाले, वैनी, भावाकडचा युरिया असंल तर मूठभर द्या. म्हटलं, कशाला? तर म्हणाले, जास्वंदीला. मी वाटीभर दिला. पुन्यांदा पंधरा दिसांनी आले. पुन्यांदा जास्वंदीला."

मी जास्वंदीकडे बघितलं. दोन पिवळी पानं, एक वाळकी कळी, आणि पिठ्या ढेकूण.

"तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"भाऊजींनी देवाची शपथ घातली. आन त्यांचा जीव बघवंना. म्हणाले, हिनं लंडनपासून आणलंय हे, हिचं पयलं यायला पायजे."

आतून वर्तमानपत्र घडी केल्याचा आवाज आला. मग खाकरणं. मग नेहमीसारखी, अगदी नेहमीसारखी हाक.

"अगं, चहा ठेवतेस का?"

"ठेवते की," मी म्हटलं. "साखर किती मुठी घालू?"